अर्धी क्षमता म्हणजे अर्धी वीज नव्हे

मागच्या व्याख्यानानंतर देवळी तालुक्यातल्या एका शेतकरी श्रोत्याने आम्हाला एक प्रश्न पाठवला. त्यांच्या वावरावरून ७६५ केव्हीची लाइन गेली आहे. ते लिहितात, "सर, या तारांमधून छत्तीसगडच्या कोळशाची वीज जाते असं इथे सगळेच सांगतात. तिकडे बातम्यांत मात्र ऐकलं की देशातली अर्धी वीज आता कोळशाविना होते, आणि तीही ठरल्यापेक्षा पाच वर्षं आधी. मग आमच्या डोक्यावरून जाते ती कोणती अर्धी?"

प्रश्न इतका नेमका आहे की आज ठरवलेला विषय बाजूला ठेवून याच्यावरच बोलायचं आम्ही ठरवलं. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने मेगावॉटमध्ये कशाला शिरावं, असं काहींना वाटेल. वीज कशी तयार होते हे सांगायला अभियंते आहेतच. पण 'उद्दिष्ट गाठलं' हे विधान नेमकं काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे तपासणं आमच्याच धंद्यातलं काम आहे.

आधी वचन काय दिलं होतं ते पाहू. २०१५ च्या पॅरिस करारात एक वेगळी पद्धत स्वीकारली गेली. कुणी कुणावर उद्दिष्ट लादायचं नाही, प्रत्येक देशाने आपण काय करणार ते स्वतः लिहून द्यायचं. भारताने आपला कागद २०१५ च्या गांधी जयंतीच्या सुमारास जगापुढे ठेवला, आणि पुढच्या वर्षी, २ ऑक्टोबर २०१६ ला, पॅरिस कराराला औपचारिक मान्यता दिली. तारखा मुद्दाम निवडलेल्या होत्या. त्या कागदात सुरुवातीलाच गांधीजींचा उल्लेख आहे, आणि तो 'विश्वस्त' या कल्पनेसाठी आहे. निसर्गाची संपत्ती आपण विश्वस्ताच्या भावनेने वापरावी आणि पुढच्या पिढ्यांकडे ती धड अवस्थेत सोपवावी, असा त्याचा आशय. सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसांना हा शब्द नवा नाही. विश्वस्ताला हिशेब द्यावा लागतो, हेही आपल्याला माहीत आहे. तेव्हा हिशेबच पाहू.

आकड्यात दिलेली वचनं तीन. पहिलं, देशाच्या उत्पन्नाच्या दर रुपयामागे जे उत्सर्जन होतं ते २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३३ ते ३५ टक्क्यांनी कमी करायचं. दुसरं, वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी ४० टक्के क्षमता कोळसा-वायू-तेलाव्यतिरिक्त इतर मार्गांची असेल. तिसरं, जंगल आणि झाडं वाढवून २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड अधिकचा शोषून घ्यायचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोला आणखी मोठ्या घोषणा झाल्या. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन आणि २०३० पर्यंत ५०० गिगावॉट जीवाश्मेतर क्षमता या त्यातल्या सर्वांत गाजलेल्या. मग ऑगस्ट २०२२ मध्ये लेखी वचन सुधारलं. ३३-३५ चे ४५ टक्के झाले, ४० चे ५० टक्के झाले. झाडांचं तेवढंच राहिलं.

आता प्रगती. ३० जून २०२५ ला देशाची एकूण स्थापित क्षमता ४८४.८२ गिगावॉट होती आणि त्यातली २४२.७८ गिगावॉट जीवाश्मेतर होती. म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त. २०३० चं उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठलं गेलं, आणि हे खरं आहे. २०१४ मध्ये या देशात सौर क्षमता तीन गिगावॉटही नव्हती, जानेवारी २०२५ मध्ये तिने शंभर ओलांडले. हे काम लहान नाही. त्याला नाक मुरडणाऱ्यांत आम्ही नाही.

पण विधान काय आहे ते पुन्हा वाचा. 'क्षमता' निम्मी झाली आहे. आमच्या देवळीच्या मित्राने ऐकलं ते 'वीज' निम्मी झाली असं. आणि त्या निम्म्यात सगळं सूर्य-वाऱ्याचंच आहे असंही नाही. मोठ्या धरणांवरची जलविद्युत सुमारे ४९ गिगावॉट आणि अणुवीज पावणेनऊ गिगावॉटच्या आसपास, तीही त्यातच धरली आहे.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात अनुमानाचं एक ठरलेलं उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, ही व्याप्ती पक्की आहे, म्हणून अनुमान बरोबर. नैयायिक इथे थांबत नाहीत. ते विचारतात, हेच उलटं केलं तर? जिथे जिथे अग्नी तिथे तिथे धूर, असं म्हणता येईल का? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला नुसता अग्नी पुरत नाही, ओलं सरपणही लागतं. या जास्तीच्या अटीला ते 'उपाधी' म्हणतात. आता विजेकडे या. जिथे वीज झाली तिथे क्षमता असलीच पाहिजे, हे पक्कं. पण जिथे क्षमता आहे तिथे वीज झालीच, हे म्हणता येत नाही. मध्ये उपाधी आहे आणि ती म्हणजे ऊन. वाऱ्याच्या बाबतीत वारा, धरणाच्या बाबतीत पाऊस. क्षमतेवरून विजेचं अनुमान काढणं हा हेत्वाभास आहे, आणि तो बातमी देणाऱ्यांनी केला.

आकड्यात सांगतो. एक किलोवॉटचं सौर पॅनेल आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट देतं. एक किलोवॉटचा कोळशाचा संच, आज देशात जितका चालवला जातो त्या सरासरीने, दिवसाला सोळा युनिटच्या आसपास देतो. कागदावर दोन्ही 'एक किलोवॉट'. म्हणून क्षमता निम्मी-निम्मी झाली तरी प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून जवळजवळ पाऊण आहे. ज्या वर्षी आपण पन्नास टक्के क्षमतेचा टप्पा गाठला, त्याच वर्षी मार्चमध्ये देशाचं वार्षिक कोळसा उत्पादन पहिल्यांदा शंभर कोटी टनांच्या पुढे गेलं. दोन्ही बातम्या अभिमानाने दिल्या गेल्या, आणि दोन्ही खऱ्या आहेत.

तर मग तारेतली वीज कोणती? विजेला जात नसते. जाळ्यात पडली की सगळी एक. वर्धा हे जसं रेल्वेचं जंक्शन, तसंच विजेचंही आहे. रायपूरकडून ७६५ केव्हीच्या लाइन इथल्या उपकेंद्रावर येतात आणि इथून औरंगाबादकडे, निजामाबादकडे जातात. त्यामुळे 'कोणती अर्धी' याचं उत्तर ठिकाणावर अवलंबून नाही, घड्याळावर आहे. २९ जुलै २०२५ ला अशी एक वेळ आली होती की त्या क्षणीच्या देशाच्या मागणीपैकी ५१.५ टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून आली. पावसाळा, धरणात पाणी, वारा जोरात, दिवस वर. आता मे महिना घ्या. वर्ध्यात दुपारी पारा ४५-४६ ला टेकलेला असतो आणि सिमेंटच्या भिंती रात्री अकरालाही आव सोडत असतात. घरोघरी कूलर सुरू, ज्यांना जमलं त्यांचे एसी सुरू. त्या वेळी सूर्य नाही. तो कूलर चंद्रपूर, कोराडी किंवा छत्तीसगड चालवतं. गंमत अशी, की उष्णतेच्या भीतीने आपण ज्या विजेकडे धावतो, तीच वीज रात्रीच्या वेळी सर्वांत काळी असते.

हे सोडवायचं तर दिवसाचं ऊन रात्रीसाठी साठवावं लागेल. आपल्या राज्यात त्याचा एक जुना नमुना आहे. सह्याद्रीतला घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. वर एक तलाव, खाली एक तलाव. वीज जास्त असते तेव्हा पाणी पंपाने वर चढवायचं, कमी पडते तेव्हा खाली सोडून वीज काढायची. तेव्हा रात्रीची उरलेली कोळशाची वीज वापरून पाणी वर चढवावं, असा हिशेब होता. आता दुपारचं ऊन वापरून चढवता येईल. अशा प्रकल्पांची आणि मोठ्या बॅटऱ्यांची गरज पुढच्या दहा वर्षांत फार वाढणार आहे. तारांचीही. पण दिलेल्या वचनात 'साठवण' या शब्दाला आकडा नाही. उद्दिष्ट क्षमतेचं होतं, म्हणून धावपळ क्षमतेची झाली. आपण जे मोजतो तेच आधी होतं. परीक्षेत जे विचारतात तेच विद्यार्थी वाचतो, हे चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको.

पहिल्या वचनाचं माप जरा अवघड आहे, म्हणून हिंगणघाटचं उदाहरण घेऊ. समजा एका जिनिंगमध्ये रुईची एक गाठ बांधायला १०० युनिट वीज लागत होती. आकडे फक्त समजण्यापुरते, खरे धरू नका. मालकाने नवी यंत्रं आणली आणि आता एका गाठीला ६४ युनिट लागतात. म्हणजे गाठीमागची वीज ३६ टक्क्यांनी घटली. पण पूर्वी हंगामात हजार गाठी होत, आता अडीच हजार होतात. बिल लाख युनिटवरून एक लाख साठ हजारावर गेलं. मालक कार्यक्षम झाला का? झाला. विजेचा वापर कमी झाला का? वाढला. देशाचंही नेमकं तसंच आहे. भारताने ३० डिसेंबर २०२४ ला संयुक्त राष्ट्रांकडे जो अहवाल दिला त्यात म्हटलं आहे की २००५ ते २०२० या काळात उत्पन्नामागचं उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटलं. आणि एकूण उत्सर्जन? आपल्याच सरकारी अहवालांप्रमाणे, जंगलांनी शोषलेला भाग वजा न करता, २०१० मध्ये ते सुमारे २१४ कोटी टन होतं, २०१९ मध्ये सुमारे ३१३ कोटी टन. २०२० मध्ये २९६ कोटींवर आलं, पण ते कोरोनाचं वर्ष. त्या वर्षी कुणीच कुठे जात नव्हतं.

याला लबाडी म्हणायचं का? आम्ही म्हणत नाही. भारतात माणशी कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे. जगाची सरासरी पावणेपाचच्या जवळ, अमेरिकेची चौदाच्या जवळ. ज्या बाईच्या घरी परवापरवापर्यंत पराटीच्या सरपणावर चूल पेटत होती, तिला 'तू धूर कमी कर' असं सांगण्याचा हक्क चौदा टनवाल्याला नाही. १९९२ च्या रिओ परिषदेपासून भारत हेच मांडत आला आहे, की जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही. जो देश अजून उभा राहतो आहे त्याने गुणोत्तराचं वचन द्यावं, यात न्याय आहे. फक्त हे विसरू नये की गुणोत्तर हे माणसामाणसांतल्या न्यायाचं माप आहे, हवेचं माप नाही. हवेत एकूण किती गेलं तेवढंच उष्णता ठरवतं. हिंगणघाट-समुद्रपूरकडे जुलै २०२२ मध्ये पूर आला, तो काही आपली तीव्रता किती टक्क्यांनी घटली हे विचारून आला नाही.

आणि न्यायाचा मुद्दा एकदा मांडला की तो सीमेवर थांबत नाही. भारत जगाला सांगतो, धूर तुम्ही केला, ताप आमच्या वाट्याला आला. हेच वाक्य चंद्रपूरचा माणूस मुंबई-पुण्याला ऐकवू शकतो. तिथलं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, तीत चंद्रपूर होतं. कोराडीला ६६० मेगावॉटचे तीन संच आहेतच, आणखी दोन उभारायचं ठरतं आहे. वीज राज्यभर जाते, राख विदर्भात राहते. देशाच्या वचनात याचा रकाना नाही. तो आपल्याला भरावा लागेल. आमचं हे बोलणं कुणाला वैदर्भीय रडगाणं वाटलं तर वाटो.

तिसऱ्या वचनाबद्दल थोडक्यात. २०२१ पर्यंत २२९ कोटी टनांचं अधिकचं शोषण झाल्याचं सरकारी हिशेब सांगतो. म्हणजे २५० ची खालची रेघ जवळ आली. इथेही व्याख्या पाहा. आपल्या वनसर्वेक्षणात एक हेक्टर किंवा त्याहून मोठा तुकडा, ज्यावर दहा टक्क्यांहून जास्त भाग झाडांच्या छत्राखाली आहे, तो 'वनाच्छादन' म्हणून मोजतात. जमीन कुणाची, झाड कोणतं, याचा संबंध नाही. म्हणजे बोर व्याघ्र प्रकल्पातलं सागाचं जंगल त्यात आलं, आणि कारंजा, आष्टी, आर्वीकडची अडीच एकरांवरची संत्र्याची बागही आली. उपग्रहाला दोन्ही हिरवी दिसतात. वाघाला फरक कळतो. शेतकऱ्यालाही कळतो, कारण बाग वाळली की तो ती तोडतो आणि झाडातला कार्बन चुलीतून परत वर जातो. आपल्या राज्यात २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी रोपं लावण्याची उद्दिष्टं ठेवली होती. रोप लावणं ही क्षमता, झाड जगणं ही वीज. फरक तोच.

आता आम्हाला मगनवाडीत जायचं आहे. वर्धा शहरातली ही जागा तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असेल. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचं काम इथून चाले, आणि त्याची धुरा जे. सी. कुमारप्पांकडे होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा हिशेबनीस माणूस वर्ध्यात येऊन घाणी, हातकागद, मधमाश्या यांत रमला. मगनवाडीत तेव्हा रॉकेलऐवजी वनस्पतींच्या तेलावर जळणारा 'मगनदीप' तयार झाला. लोक हसले असतील. पण त्यामागचा विचार हसण्यासारखा नव्हता. कुमारप्पांनी अर्थव्यवस्थांचे दोन प्रकार सांगितले. एक साठ्याची, म्हणजे कोळसा, खनिज तेल, धातू यांच्यावर चालणारी. साठा उपसला की संपतो, म्हणून त्याच्यासाठी भांडणं होतात, युद्धं होतात. दुसरी प्रवाहाची, जी दर वर्षी पुन्हा येणाऱ्या गोष्टींवर चालते. १९४५ च्या 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' या तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकात हा टिकाऊपणाचा विचार त्यांनी सविस्तर मांडला. हवामान बदल हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता.

कुमारप्पांचं माप आजच्या सौरऊर्जेला लावलं तर काय दिसतं? ऊन हा प्रवाह आहे, हे उघड आहे. पण पॅनेलमधलं चांदी-तांबं, बॅटरीतलं लिथियम, हे साठ्यातलं आहे, आणि त्यातलं बरंचसं बाहेरून येतं. म्हणजे प्रवाह पकडायलाही साठा लागतो. कुमारप्पांच्या दोन पेट्या आज पूर्णपणे वेगळ्या राहिलेल्या नाहीत. तरी त्यांचा दुसरा आग्रह आम्हाला जास्त कामाचा वाटतो. वस्तू जिथे तयार होते आणि जिथे वापरली जाते, त्यांतलं अंतर जितकं वाढतं तितकं नुकसान कुणाचं होतं हे दिसेनासं होतं, असं ते मांडत. या आग्रहाचा आणि आपल्या जिल्ह्यातल्या ओलिताचा थेट संबंध आहे.

रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं असतं. कृषीपंपाला थ्री-फेज वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीचं ओलीत म्हणजे काय हे ज्याने केलं त्याला विचारा. डिसेंबरची थंडी, पायात चिखल, हातात बॅटरी, धुऱ्यावर साप, वावरात रानडुकरं, आणि बोरच्या बाजूला असाल तर वाघ. लाइन गेली तर बसून राहायचं, आली तर उठायचं. आता विचार करा, देशात सौर क्षमता सर्वांत जास्त उपयोगी पडते ती दिवसा, आणि शेतकऱ्याला वीज हवी ती दिवसा. कूलरला रात्री अकराला वीज लागते, तिला बॅटरी हवी. हरभऱ्याला ती अट नाही. दुपारी पाणी दिलं तर थोडं जास्त उडून जातं हे खरं, पण पिकाला चालतं. म्हणजे दिवसाचा पंप हीच एक मोठी साठवण आहे. वीज पाण्याच्या रूपात जमिनीत गेली, बॅटरी विकत घ्यावी लागली नाही.

राज्याने हे ओळखलं आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. गावाजवळच्या उपकेंद्राच्या आसपास काही मेगावॉटचे सौर प्रकल्प उभारायचे आणि शेतीचे फीडर त्यावर दिवसा चालवायचे, अशी ती कल्पना. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. १६ हजार मेगावॉटचं उद्दिष्ट. दुसऱ्या बाजूला 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आहे, त्यात ज्याच्या त्याच्या वावरात ज्याचं त्याचं पॅनेल. आमचं मत फीडरच्या बाजूने आहे. वैयक्तिक पंपाचं पॅनेल ओलीत नसलेले सगळे महिने उन्हात नुसतं उभं असतं. फीडरवरचा प्रकल्प त्या काळात गावाला, शहराला वीज देतो. जिथे तार पोचलीच नाही तिथे वैयक्तिक पंप द्यावा, जरूर द्यावा. आणि एक शंका दोन्हींबद्दल आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या ४४ लाखांहून अधिक पंपांची वीज राज्याने एप्रिल २०२४ पासून मोफत केली आहे. दिवसा मिळणारी आणि फुकट मिळणारी वीज विहिरीचा तळ लवकर दाखवेल. ऊन प्रवाह असलं तरी भूजल हा साठा आहे, निदान आपल्या काळ्या मातीखालच्या खडकात तरी.

आता वचनाकडे परत या. राजस्थानच्या वाळवंटात उभारलेलं एक मेगावॉट आणि सेलू तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्राशेजारी उभारलेलं एक मेगावॉट, देशाच्या हिशेबात दोन्ही सारखीच 'एक'. हवेच्याही हिशेबात जवळजवळ सारखीच. पण दुसऱ्याने एका माणसाची डिसेंबरातली रात्र वाचवली. विश्वस्त हा शब्द जर आपण जगापुढच्या कागदात लिहिला असेल, तर विश्वस्ताने कुणासाठी काय राखलं हेही विचारावं लागेल. नुसती एकूण रक्कम दाखवणारा जमाखर्च धर्मादाय आयुक्तही स्वीकारत नाही.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, ते इथेच घेतो.

एका महाविद्यालयीन मुलीने विचारलं, २०७० चं निव्वळ शून्य तुम्हाला शक्य वाटतं का? आम्ही तिला वय विचारलं. अठरा. म्हणजे २०७० मध्ये ती त्रेसष्ट वर्षांची असेल. आम्ही नसू, वचन देणाऱ्यांपैकीही बहुतेक नसतील. ज्याने वचन दिलं त्याला जाब विचारता येणार नाही असं हे वचन आहे, म्हणून मधले टप्पे महत्त्वाचे. त्या टप्प्यांत क्षमतेबरोबर प्रत्यक्ष विजेचा वाटा आणि एकूण उत्सर्जन हेही आकड्यात लिहिलं जावं, एवढी मागणी तिने आजपासून करायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न वर्ध्यातल्या एका गृहिणीचा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे, लावावं का? लावा. दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज होईल. दिवसा ती जाळ्यात जाईल, रात्री तुम्ही तेवढीच जाळ्यातून घ्याल, आणि बिल जवळजवळ शून्य येईल. बिल शून्य आलं म्हणजे रात्रीच्या कूलरचा कोळसा शून्य झाला असं मात्र नव्हे. तो हिशेब वेगळा. तरीही लावा.

आणि देवळीच्या आमच्या मित्रासाठी एक काम. या रब्बीत एक वही करा. रोज किती वाजता थ्री-फेज आली, किती वाजता गेली, दिवसा किती तास, रात्री किती तास, एवढंच लिहा. इतर तालुक्यांतले श्रोतेही लिहू शकतात. फेब्रुवारीच्या शेवटी वह्या आमच्याकडे पाठवा, मार्चच्या व्याख्यानात आपण ते आकडे वाचू.